स्वभावाचे तीन रकाने

शेजारणीचा वाढदिवस होता. केकवरच्या मेणबत्त्या पेटल्या, पाहुणे टेबलापाशी गोळा झाले, आणि त्या घोळक्यात माझी सिम, म्हणजे 'द सिम्स ४' या माणसं घडवून त्यांचं जगणं चालवायच्या व्हिडिओ गेममधलं माझं पात्र, कुठेच दिसेना. फ्री विल चालू होतं, म्हणजे मी काही सांगितलं नाही तर ती तिच्या मनाने वागणार. मी कॅमेरा खोल्याखोल्यांतून फिरवला, भिंती खाली करून अख्खं घर पाहिलं. शेवटी ती सापडली रस्त्याच्या कडेला, लोखंडी कचरापेटीत. आत उतरून ती काहीतरी शोधत होती. कोपऱ्यातल्या तिच्या चित्राशी मनःस्थिती लिहिलेली होती: आनंदी. तिकडे घरात मेणबत्त्या विझल्या, टाळ्या झाल्या, शेजारीण वयाच्या पुढच्या टप्प्यात गेली, सगळ्यांनी केकच्या बशा उचलल्या. ज्या घरी ती पाहुणी म्हणून आली होती त्या घराकडे तिची पाठ होती. गेम बंद केला, दिवा मालवला, तरी ते दृश्य डोळ्यांसमोरून हलेना. तिचं काही बिघडलं नव्हतं, तिला कुणी काही बोललं नव्हतं, ती खूश होती. मग मलाच एवढं एकटं का वाटलं?

'द सिम्स ४'मध्ये प्रौढ माणूस घडवताना स्वभावाचे तीन रकाने मिळतात. चेहऱ्यावर हवा तेवढा वेळ घालवता येतो. नाकाची कड, भुवयांमधलं अंतर, हनुवटीचा कोन, सगळं बोटाने ओढून बदलता येतं. स्वभावाला मात्र तीनच जागा. मी त्या पडद्यावर नेहमी रेंगाळते, कारण पुढचं सगळं जगणं त्या तिघांच्या कलाने जातं. त्या वेळी मला पर्यावरणाला पूर्णपणे वाहून घेतलेली व्यक्ती हवी होती, म्हणून तिन्ही जागा मी एकाच ध्यासाने भरल्या. पहिला स्वभाव फ्रीगन: नवं विकत घेण्यापेक्षा लोकांनी टाकून दिलेल्यातून मिळवण्यात तिला सुख. दुसरा रिसायकल डिसायपल: पुनर्वापर घडत राहिला की मन प्रसन्न, खंड पडला की अस्वस्थ. तिसरा शाकाहारी. त्यात माझी स्वतःची एक जुनी ओढ मिसळली होती. निसर्गाची काळजी माझ्या मनात असते, पण ती थकव्याशी, घाईशी, सवयीशी, कुणाला वाईट वाटू नये या भिडेशी जागा वाटून घेत असते. इथे एक अशी बाई मला मिळाली होती जिच्या आत ही गर्दीच नाही. सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत एकच सूर. तिला काम करताना बघायला मला मनापासून आवडायचं, आणि थोडा हेवाही वाटायचा.

तिचं घर पोर्ट प्रॉमिसमध्ये होतं. 'इको लाइफस्टाइल' या एक्सपान्शन पॅकबरोबर, म्हणजे मूळ गेमला जोडायच्या नव्या भागाबरोबर, एव्हरग्रीन हार्बर नावाचं गाव आलं, त्यातली ही बंदराची वस्ती: एकावर एक रचलेल्या मालवाहू कंटेनरांची घरं, काँक्रीट, कोपऱ्याकोपऱ्यात साचलेला कचरा, आणि सगळ्यावर मातकट धुराचं झाकण. हा पॅक आला ५ जून २०२० रोजी, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनाला. त्या जूनमध्ये जगभरातली असंख्य माणसं घरात कोंडलेली होती, वाहनं थांबल्यामुळे शहरांवरचं आकाश कसं निवळलंय याच्या बातम्या येत होत्या, आणि इथे पडद्यावर एक आकाश धुराने भरलेलं, कुणीतरी निवळायची वाट बघत. गेममध्ये प्रत्येक वस्तीचा एक पर्यावरणीय ठसा असतो: हिरवा, मध्यम किंवा औद्योगिक. काटा औद्योगिककडे झुकला की हवेत धुरकं पसरतं, माणसं खोकतात, कचरा वाढतो. हिरव्याकडे झुकला की झाडं भरतात, उजेड स्वच्छ होतो, रात्री आकाशात ध्रुवीय प्रकाशासारख्या लाटा उमटतात. या लाटा बघण्यासाठी मी खेळायला बसले होते.

सुरुवातीचे तिचे दिवस फार देखणे होते. छतावर सोलर पॅनल चढवले, मागच्या बाजूला पवनचक्की उभी केली, दव गोळा करणारं यंत्र बसवलं, भिंतीलगत उभ्या बागा लावल्या. संध्याकाळी ती विजेचे दिवे न लावता स्वतः ओतलेल्या मेणबत्त्या लावायची आणि कंटेनरच्या पन्हळी पत्र्यावर ज्योतींची सावली हलायची. फॅब्रिकेटर नावाचं एक मोठं यंत्र असतं. रिसायकल केलेल्या कचऱ्याचे तुकडे त्यात घातले की खुर्ची, दिवा, गालिचा असं काही बनून येतं. त्याचा आवाज मला अजून आवडतो, घरघरता आणि मध्येच ठसका लागल्यासारखा. वीज आणि पाणी गरजेपेक्षा जास्त तयार व्हायला लागलं, तेव्हा बिलाच्या दिवशी उरलेलं विकून पैसे यायचे. कमी घ्यायचं, आहे ते दुरुस्त करायचं, स्वतःपुरतं स्वतः निर्माण करायचं, या सगळ्याला एक शांत ठेका होता. मी एकेका कामावर क्लिक करत असे आणि ती निमूट करत असे, आणि पुढे पुढे मी क्लिक करायच्या आधीच ती उठून त्याच कामाला लागलेली असे.

पण आकाश निवळेना.

हे मला या गेमचं सगळ्यात खरं अंग वाटतं. वस्तीचा ठसा एका घरावर ठरत नाही. शेजारची घरंही त्यात धरली जातात, आणि अख्ख्या वस्तीने कुठले नियम स्वीकारलेत हेही. माझ्या सिमचं घर नखशिखान्त हिरवं होतं आणि तिच्या खिडकीबाहेरचं धुकट तसंच होतं, कारण बाजूच्या घरांतल्या जुन्या यंत्रांना तिच्या पवनचक्कीशी काही देणंघेणं नव्हतं. ती बाहेर पडली की खोकायची. तिच्या बागेतली झाडं टवटवीत आणि कुंपणापलीकडे तोच ढीग. स्वच्छ, नीतिमान, स्वयंपूर्ण असं एक बेट करून राहता येतं, पण हवेला कुंपण कळत नाही, एवढी साधी गोष्ट ज्यांनी हे नियम रचले त्यांनी आकड्यांमध्ये बसवली. एखाद्या फलकावर ती लिहून ठेवली असती तर मी वाचून पुढे गेले असते. रोज तोच धूर बघत, तेच घर पुसत बसल्यावर ती अंगाला लागते.

वस्ती बदलायची तर मार्ग मतदानाचा. नेबरहूड अ‍ॅक्शन प्लॅन नावाचे प्रस्ताव असतात: वीज वाचवा, पाणी वाचवा, हिरव्या उपक्रमांना चालना द्या, कलांना उत्तेजन द्या, असे. सार्वजनिक फलकापाशी जाऊन आपल्याकडचे इन्फ्लुएन्स पॉइंट्स आवडत्या प्रस्तावावर टाकायचे. ज्याच्यावर जास्त, तो लागू. आणि हे पॉइंट्स मिळतात जगण्यातल्या प्रगतीतून. मैत्री झाली, बढती मिळाली, एखादं कौशल्य वाढलं की थोडे थोडे जमतात. माझ्या सिमकडे कौशल्य होतं. मैत्री म्हणाल तर जवळपास नव्हती. होते नव्हते ते सगळे पॉइंट्स तिने वीज वाचवण्याच्या प्रस्तावावर टाकले. निकाल लागला आणि वस्तीने निवडलं ते डोक्यावर कागदी पिशव्या घालून हिंडणं. हा गेममधला खराखुरा प्रस्ताव आहे. दुसऱ्या दिवसापासून शेजारी डोळ्यांपुरती भोकं पाडलेल्या पिशव्या घालून रस्त्यावर गप्पा मारताना दिसू लागले. मी त्यांच्याकडे बघत बसले. सगळे एकमेकांना ओळखत होते, एकत्र उभे होते. त्यांच्यातली ती वाढदिवसवाली शेजारीणही होती. आणि मला कचरापेटी आठवली.

यावर पुष्कळ खेळाडू वैतागले होते. शेजारी परस्पर काहीही मंजूर करून टाकतात, आपलं सांभाळून ठेवलेलं गाव विचित्र होऊन बसतं, अशी तक्रार होती, आणि पुढे शेजाऱ्यांचं मतदान सेटिंगमध्ये जाऊन बंद करायची सोय आली. ज्यांना नको त्यांनी बंद करावं. प्रत्येकाचं गाव प्रत्येकाचं. मी ते कधी बंद केलं नाही. शेजाऱ्यांना मत नसलेल्या वस्तीत हिरवं आकाश आणणं मला पोकळ वाटतं. त्यांनी पिशव्या निवडल्या, कारण त्यांच्यापाशी दुसरं काही घेऊन कुणी आलंच नव्हतं.

या मालिकेची सुरुवातच मुळात वस्तूंपासून झाली आहे. १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला. २५ माणसं गेली, हजारो घरं जळाली. त्यातलं एक घर गेम बनवणाऱ्या विल राइट यांचं होतं. शहर वसवायची त्यांची गेम 'सिमसिटी' तोवर येऊन गेली होती. जळालेल्या घरानंतर एकेक वस्तू पुन्हा जमवताना माणसाला नेमकं काय लागतं, कशाने बरं वाटतं, हा विचार त्यांच्या मनात घोळत राहिला आणि त्यातून २००० साली 'द सिम्स' आली. म्हणून पहिल्या भागापासून घर, खरेदी आणि मनाचं समाधान यांची गाठ पक्की बसलेली. महाग पलंग घेतला की झोप लवकर पूर्ण होते. भिंतीवर चांगलं चित्र लावलं की खोलीत प्रसन्न वाटतं. 'द सिम्स २'मध्ये तर सभोवतालचा परिसर ही भुकेसारखीच एक गरज होती, तिची वेगळी पट्टी होती, आणि ती भरायची कशाने, तर सजावट आणि स्वच्छता यांनी. परिसर म्हणजे आपल्या भिंतींच्या आतला भाग. मी तो भाग खूप खेळले आहे आणि त्याचा आनंद मला नाकारावासा वाटत नाही. घर मांडण्यात एक निर्मळ सुख असतंच. पण २००४ च्या त्या पट्टीपासून २०२० च्या धुरापर्यंतचं अंतर मला मोठं वाटतं. खिडकीबाहेर काय आहे, याचा परिणाम आता खिडकीच्या आतल्या माणसावर व्हायला लागला.

मधले काही टप्पे मला आठवतात. 'द सिम्स ३'मध्ये पर्यावरणप्रेमी हा एक स्वभाव होता, पण तो त्या माणसापुरता. त्याने गावाची हवा बदलत नसे. २०१९ च्या 'आयलंड लिव्हिंग'मध्ये सुलानी नावाची बेटं आली, तिथे किनाऱ्यावरचा कचरा उचलत राहिलं की हळूहळू बेट बहरतं. तो बदल फार सुंदर आहे. मात्र तिथे विरोध कुणाचाच नाही. तुम्ही वाकता, उचलता, बेट आभार मानतं. ज्याला कुणी नको म्हणत नाही असं चांगलं काम करून मन हलकं होतं खरं. पण माझ्या मनात टिकून राहिला तो एव्हरग्रीन हार्बरचा धूर, जो माझ्या एकटीच्या चांगुलपणाने हलला नाही.

आणखी मागे गेलं तर विल राइट यांचीच १९९० ची 'सिमअर्थ' आहे. तिच्यात अख्खा ग्रह सांभाळायचा असतो, आणि तिचा पाया जेम्स लव्हलॉक यांचा गाया सिद्धान्त: पृथ्वी आणि तिच्यावरचे जीव मिळून स्वतःचा तोल सांभाळणारी एकच व्यवस्था. त्यातच डेझीवर्ल्ड नावाचं एक जग आहे. लव्हलॉक आणि अँड्र्यू वॉटसन यांनी १९८३ मध्ये मांडलेलं. एका ग्रहावर काळ्या आणि पांढऱ्या डेझी. सूर्य मंद असतो तेव्हा काळ्या फुलांना फायदा होतो, कारण ती ऊब शोषून घेतात. त्या वाढल्या की ग्रह तापतो. सूर्य प्रखर होत गेला की पांढऱ्यांची वाढ होते, त्या प्रकाश परतवतात आणि ग्रह निवतो. कुठल्याही फुलाला ग्रहाची चिंता नाही. प्रत्येक फूल फक्त वाढतं, आणि त्यांच्या वाढण्या-मरण्यातून तापमान बराच काळ सांभाळलं जातं. मला हे जग विलक्षण सुंदर वाटतं, आणि थोडं दुखतंही. डेझींना स्वभावाचे रकाने भरावे लागत नाहीत. आपल्याला लागतात, समजून घ्यावं लागतं, ठरवावं लागतं, दुसऱ्याला सांगावं लागतं आणि तरी शेजारी पिशव्या निवडतात. जाणीव असलेल्या प्राण्यांच्या वाट्याला आलेलं हे जास्तीचं काम आहे, आणि त्याचा मोठा भाग एकमेकांशी बोलण्याचा आहे.

मग मी दुसरी बाई घडवली. त्याच वस्तीत, त्याच धुरात. रिसायकल डिसायपल हा एक स्वभाव तसाच ठेवला. उरलेल्या दोन जागी संगीतप्रेमी आणि आळशी. आळशी निवडताना बोट क्षणभर थबकलं होतं. वाहून घेतलेल्या माणसाला आळस कसा चालेल? पण मला आता कुणी वाहून घेतलेलं नकोच होतं. मला अशी कुणी हवी होती जी दुपारी लोळेल, कामाचा कंटाळा करेल, आणि तरीही डबे, बाटल्या, कागद वेगळे केल्याशिवाय तिला चैन पडणार नाही. तिच्या घरात सोलर पॅनल उशिरा आले. उभी बाग एकच, तीही अधूनमधून सुकलेली. पण दारापुढे ती गिटार घेऊन बसायची. सुरुवातीचे तिचे सूर भयंकर होते, येणारेजाणारे तोंड वाकडं करायचे, मग हळूहळू थांबायला लागले. कौशल्य वाढत गेलं तसे पॉइंट्स जमत गेले, आणि थांबणाऱ्यांशी ओळखी होत गेल्या. सिम्सची ती निरर्थक, गोड, चढउतारांची सिम्लिश भाषा मला कळत नाही, पण कोण कुणाशी रंगलंय हे आवाजावरून समजतं. तिच्या अंगणातला आवाज वेगळाच होता. लोक यायचे, बसायचे, तिच्या फॅब्रिकेटरमधून निघालेल्या ओबडधोबड खुर्च्यांवर.

तिने वीज वाचवण्याचा प्रस्ताव मांडला तेव्हा तो एकटीचा नव्हता. ज्यांच्याशी मैत्री होती त्यांना तिने वळवलं. गेममध्ये तसं बोलता येतं. प्रस्ताव मंजूर झाला. पुढे पाण्याचा झाला. त्या बदलाचा कुठला एक क्षण सांगता येणार नाही, पण एका सकाळी रस्त्यावरचे ढीग कमी दिसले, कठड्यापाशी हिरवळ दिसली, आणि उन्हाचा रंग मातीचा न राहता उन्हाचा झाला. रात्री लाटा आल्या. मी माऊसवरचा हात काढून घेतला आणि वेळ साध्या वेगाने जाऊ दिला. ती त्या वेळी काय करत होती, तर झोपली होती. आकाशाकडे बघायला पाठवावं म्हणून मी तिच्यावर क्लिक करणार होते, मग केलं नाही.

पहिली बाई मला त्या रात्री फार आठवली. तिने जास्त केलं होतं. तिच्या घराचा ठसा कितीतरी हिरवा होता, तिने एकही वस्तू वाया घालवली नव्हती, आणि तिच्या वाट्याला हे आकाश आलं नाही. मला तिच्याबद्दल राग नाही, कीव तर मुळीच नाही. तिच्यासारखी माणसं मी पाहिली आहेत. सगळ्यांच्या आधी त्यांना धूर दिसतो, सगळ्यांच्या आधी त्या कामाला लागतात, आणि त्यांच्याशी बोलायला काही दुसरा विषयच शिल्लक नसल्यामुळे लोक त्यांना टाळतात. त्यांच्यामुळेच बाकीच्यांना गोष्टी कळतात, हेही तितकंच खरं. गेममध्ये मात्र त्यांच्या त्या आधी दिसण्याला गुण नाहीत. धुराचा पहिला सुगावा लागल्याबद्दल कुणाला पॉइंट्स मिळत नाहीत. मिळायला हवेत असं मला मनापासून वाटतं.

वस्ती हिरवी झाल्यावर सगळं गोड झालं असंही नाही. पुढच्या फेरीत लोकांनी वाटून घेण्याचा प्रस्ताव निवडला. वस्तू सगळ्यांच्या, कुणीही कुणाची घ्यावी. कल्पना म्हणून मला तो आवडला होता. मग एका दुपारी एक शेजारी आत आला आणि तिची एक खुर्ची घेऊन निघून गेला. ती खुर्ची तिने पहिल्यांदा धड जमवलेली. मी पडद्यासमोर अक्षरशः उठून उभी राहिले. सामायिक जगण्यावर माझा विश्वास आहे, तो त्या खुर्चीपाशी अडखळला. त्या माणसाने नियम मोडला नव्हता आणि नियम आम्हीच स्वीकारलेला होता. तिला स्वतःला किती लागलं हे मला कळलं नाही, मला मात्र लागलं. पुढे त्याच्या अंगणात ती खुर्ची दिसते का म्हणून मी कॅमेरा नेऊन बघत असे.

या गेमने एक गोष्ट अजून लपवून ठेवली आहे, आणि ती मला सतत टोचते. बिल्ड मोडमध्ये, म्हणजे घर बांधायच्या पडद्यावर, गेलं की कुठलीही वस्तू उचलून विकता येते. सोफा नको झाला, क्लिक करा, सिमोलिऑन, म्हणजे गेममधले पैसे, खात्यात जमा आणि सोफा नाहीसा. कुठे गेला? कुठेच नाही. ज्या गावात कचऱ्याचे ढीग दिसतात, कचरापेट्या आहेत, त्यात उतरणारी माणसं आहेत, त्याच गावात अख्खी भिंत हातोड्याच्या एका खुणेने शून्यात जाते आणि तिचा विटेचा तुकडाही उरत नाही. सोलर पॅनलही तसंच, न खणता, न वितळवता, न वाहून आणता छतावर येऊन बसतं. ग्रिम्स क्वॉरी नावाची खाणीची जुनी वस्ती याच नकाशावर आहे, पण तिचा आणि आपल्या छताचा काही संबंध जुळत नाही. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला आहे. विकून नाहीसं करायचं नाही. नको झालेली वस्तू घराच्या साठ्यात राहील, कुणाला तरी दिली जाईल किंवा रिसायकलरमध्ये जाईल, आणि मोठी गोष्ट घ्यायची तर आधी कचरापेटीत शोधायची. याने खेळ संथ होतो. घरात जागा अडते, एक कोपरा कायम भरलेला राहतो. तो भरलेला कोपरा मला त्या घरातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो.

आणि हे सगळं चालू असताना टेबलाखाली पंखा घोंघावत असतो. मोठं ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक भरात असताना काही शे वॅट सहज खेचतो. पडद्यावर ती बाई मेणबत्तीत बसलेली, वीज वाचवत, आणि तिला तिथे बसवण्यासाठी इकडे तार गरम. मी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटायची तो आकडा, बांधून घेतला आहे, चित्राचा दर्जा कमी केला आहे. गवताची पाती थोडी जाड दिसतात, पंखा शांत झाला आहे. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या साथीने 'प्लेइंग फॉर द प्लॅनेट' ही आघाडी उभी राहिली, मोठ्या गेम कंपन्या तिच्यात आल्या: उत्सर्जन कमी करू, खेळांमधून हिरवे विषय आणू, अशी वचनं दिली. मला त्यातलं पहिलं वचन जास्त मोलाचं वाटतं. खेळात एखादं झाड किंवा संदेश आणून बसवणं सोपं आहे. पडद्यामागची वीज कमी करणं कठीण, आणि ते कुणाला दिसतही नाही. आणि खेळात विषय आणायचाच तर तो हवेच्या हिशेबात आणावा, मतदानात आणावा, शेजाऱ्याच्या नकारात आणावा. तिथे तो आपल्याला हात लावतो.

वेळेचा प्रश्न मात्र कुठल्याच खेळाला सुटलेला नाही. सिम्सचं एक मिनिट म्हणजे आपला साधारण एक सेकंद. त्यांचा दिवस आपल्या सुमारे २४ मिनिटांत उरकतो. त्यामुळे धूर हटलेला एखाद्या संध्याकाळी बघून होतो. आपल्या हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा काही भाग हजारो वर्षं तिथेच राहणार असतो. कुठलीही माणसं, कितीही मैत्री करून, कितीही प्रस्ताव मंजूर करून, त्या लाटा त्याच आयुष्यात बघतील याची खात्री नाही. हे मला माहीत आहे आणि तरी मला ते निवळणारं आकाश हवं असतं. त्यात फसवणूक आहे असं मला वाटत नाही. केलेल्या कामाचा परिणाम डोळ्यांनी बघायची भूक माणसाला असते, आणि ज्यांना बाहेर तो दिसणार नाही त्यांनी कुठेतरी तो बघून घ्यावा. आळशी बाईच्या छतावरच्या लाटा मी अजून कधीकधी उघडून बघते.

आता तिसरं घर मांडायला घेतलंय. या वेळी दोघं एकाच छताखाली: एकीला हिरवा ध्यास, दुसऱ्याला अजिबात नाही. त्याच्या तीन रकान्यांत पर्यावरणाचं काहीच नसेल. तो लांब आंघोळ करेल, दिवे जळते ठेवेल, नवं सामान मागेल, मांस शिजवेल, आणि वस्तीत सगळ्यांचा लाडका असेल. इन्फ्लुएन्स पॉइंट्स त्याच्याकडेच जास्त जमतील अशी सगळी चिन्हं आहेत. तो काय निवडेल हे मला ठरवायचं नाही, म्हणून त्याच्यावर क्लिक करायचं नाही असं ठरवलंय. फ्री विल पूर्ण. तिला मात्र मी चालवणार. तिला त्याच्याशी वाद घालायला लावायचं की त्याच्याबरोबर रात्री टीव्हीसमोर बसवायचं, इथे मी अडले आहे. तिच्या पहिल्या दोन जागा भरून झाल्या आहेत, त्यातली एक रिसायकल डिसायपल आहे. तिसरीसाठी सध्या विनोदी आणि चिडखोर यांच्यात माझं मन घुटमळतंय, आणि चिडखोरच्या बाजूने बोलण्यासारखंही पुष्कळ आहे: इतका धूर रोज बघणाऱ्या माणसाला राग येऊ नये असं मी कसं ठरवू?